आयडरच्या रश्श्यातले शिसे : ग्रीनलंडमधील एक प्रकरण

शिशाच्या प्रदूषणाचा इतिहास लिहायचा तर ग्रीनलंडच्या बर्फाला त्यात मोठी जागा द्यावी लागते. मुरोझुमी, चाऊ आणि क्लेअर पॅटरसन या तिघा संशोधकांनी 1969 साली तेथील बर्फाचे जुने-नवे थर तपासून दाखवून दिले की औद्योगिक काळापासून बर्फातले शिसे वाढत गेले आणि 1940 नंतर, म्हणजे पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग सर्रास मिसळले जाऊ लागल्यावर, ते झपाट्याने चढले. पुढे देशोदेशींच्या पेट्रोलमधून शिसे हटत गेले आणि त्याचीही नोंद त्याच बर्फात झाली. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार 1960च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या वीसेक वर्षांत ग्रीनलंडच्या बर्फातले शिसे सुमारे साडेसात पटींनी घटले होते. (भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबायला 2000 साल उजाडले.) हवेतले शिसे असे ओसरत असताना राजधानी नूकमधल्या काही माणसांच्या रक्तातले शिसे मात्र दर हिवाळ्यात चढत होते आणि हिवाळा सरला की उतरत होते. हे शिसे कोठून आले, ते कशा रीतीने शोधले गेले आणि कारण हाती लागल्यावर कोणता उपाय योग्य व कोणता अयोग्य ठरतो, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

समुद्र, पक्षी आणि ताट

ग्रीनलंडची लोकसंख्या 56 हजारांच्या आसपास आहे आणि बहुतेक वस्ती पश्चिम किनाऱ्यावर आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. बोट किंवा विमान हीच वाहतूक. नैऋत्य किनाऱ्यालगतचा समुद्र हिवाळ्यातही बराचसा मोकळा राहतो, त्यामुळे ग्रीनलंडच्या उत्तर भागातून, कॅनडाच्या उत्तरेकडून आणि स्वालबार्डसारख्या दूरच्या बेटांवरूनही समुद्रपक्ष्यांचे थवेच्या थवे तेथे हिवाळा काढायला येतात. त्यातले दोन पक्षी आहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला जाड चोचीचा गिलेमॉट : काळी पाठ, पांढरे पोट, सुमारे किलोभर वजन, कड्यांच्या उभ्या भिंतींवर दाटीवाटीने वीण करणारा आणि माशांसाठी खोल बुडी मारणारा. दुसरे आयडर बदक : वजनाने त्याच्या जवळजवळ दुप्पट, अंगावर दाट पिसे, उथळ पाण्यात बुडी मारून शिंपले कवचासकट गिळणारे.

दोघांची शिकार लहान मोटरबोटीतून, छऱ्याच्या बंदुकीने होते. व्यावसायिक शिकाऱ्याला वेगळा परवाना असतो आणि शिकार विकण्याचा हक्क त्यालाच असतो; हौशी परवानाधारकाने घरच्यापुरते मारायचे. नूकसारख्या गावातल्या बाजारात हिवाळ्यात हे पक्षी सील, रेनडियर आणि माशांच्या शेजारी विकायला असतात. घरी नेल्यावर बहुधा त्यांचा 'सुआसात' होतो. सुआसात म्हणजे पक्ष्याचे तुकडे, कांदा, बटाटा आणि तांदूळ किंवा बार्ली एकत्र घालून बराच वेळ उकळलेला दाट रस्सा. मसाला जवळजवळ नसतोच, मीठ आणि मांसाची स्वतःची चव यांवरच सगळी भिस्त असते. एका पातेल्यातले हे अन्न घरातली सगळी माणसे खातात, लहान मुलेही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

या अन्नाकडे केवळ हौस किंवा परंपरा म्हणून पाहणे चुकीचे होईल. भाजीपाला आणि बहुतेक किराणा जहाजाने येतो आणि महाग पडतो. समुद्रपक्ष्यांच्या मांसातून प्रथिने आणि लोह मिळते, आणि ते स्वतःच्या बोटीने, स्वतःच्या गावाजवळ मिळते. अशा समाजाला 'हे खाऊ नका' म्हणताना त्याजागी दुसरे काय खायचे, हे सांगण्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर येते.

आधीच्या संशयितांची यादी

उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या अन्नाच्या प्रदूषणाचा विषय 1980 आणि 1990च्या दशकांत गाजला तो पारा आणि पीसीबीसारख्या क्लोरिनयुक्त संयुगांमुळे. ही द्रव्ये हजारो किलोमीटर दूरच्या कारखान्यांतून, कोळशाच्या भट्ट्यांतून आणि शेतांतून निघतात, वाऱ्याने आणि सागरी प्रवाहांनी उत्तरेकडे पोचतात आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर साठत जातात. त्यामुळे सील, दात असलेले देवमासे आणि काही समुद्रपक्षी खाणाऱ्यांच्या शरीरात ती जास्त आढळतात. फेरो बेटांत पाइलट व्हेलच्या मांसातल्या पाऱ्याचा गर्भावर होणारा परिणाम 1980च्या दशकापासून तपासला गेला आणि 2008 मध्ये तेथील वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हा देवमासा माणसाने खाऊच नये, अशी शिफारस केली. त्याच बेटांवर पकडल्या जाणाऱ्या फुलमार पक्ष्यांत आणि त्यांच्या अंड्यांतही पीसीबी सापडले आहे. या सर्व प्रकरणांत शिकारी निर्दोष असतो आणि हतबलही असतो. प्रदूषण करणारा दुसरीकडे, भोगणारा इकडे; हातात उरतो तो एकच उपाय, कमी खाणे.

शिशाच्या बाबतीतही प्रथमदर्शनी असेच वाटणे स्वाभाविक होते. हवेतून आलेले शिसे हा एक संशयित होताच. दुसरा संशयित स्थानिक होता. उम्मन्नाक जिल्ह्यातल्या मारमोरिलिक येथे 1973 ते 1990 या काळात 'ब्लॅक एंजल' ही शिसे-जस्ताची खाण चालली आणि तिच्या टाकाऊ गाळाने जवळच्या फ्योर्डचे, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याचे, पाणी, तळ आणि शिंपले शिशाने दूषित झाले. खाण बंद झाल्यावरही तेथल्या शिंपल्यांवर आणि समुद्री शेवाळावर वर्षानुवर्षे देखरेख ठेवावी लागली. आयडर शिंपल्यांवरच जगतो, तेव्हा त्याच्या मांसातले शिसे शिंपल्यातून आले असावे, ही शंका हास्यास्पद नव्हती. नूक या खाणीपासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला आहे, हे खरे. पण हिवाळी पक्ष्यांना जिल्ह्यांच्या हद्दी नसतात.

तिसरा संशयित प्रत्येक बोटीत होता. त्याच्याकडे लक्ष उशिरा गेले याचे कारण असे की शिसे हा ओळखीचा, हाताळायचा धातू आहे. कोकणातला पाग टाकणारा माणूस जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतो तेव्हा आपण विष हाताळतो आहोत असे त्याच्या मनातही येत नाही; छर्रे भरलेल्या काडतुसाकडे शिकारी त्याहून वेगळ्या नजरेने पाहत नाही. मांसात दाताखाली छर्रा आला तर तो थुंकून टाकायचा, एवढीच त्याची दखल.

बुडालेला पक्षी आणि मारलेला पक्षी

डेन्मार्कच्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेतल्या पौल योहानसेन, गेर्ट आस्मुन्द आणि फ्रँक रिगेट या संशोधकांनी हा तिसरा संशयित तपासायला घेतला. त्यांनी 2001 साली गिलेमॉटविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि 2004 साली आयडरविषयीचे. मारमोरिलिकच्या खाणीवरच्या देखरेखीचे काम याच मंडळींतल्या काहींनी वर्षानुवर्षे केले होते, त्यामुळे शिशाचा स्रोत कसा वेगळा काढायचा, याचा सराव त्यांना होता.

आयडरविषयीच्या पाहणीची मांडणी इतकी साधी आहे की तिचे कौतुक करावेसे वाटते. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून आयडर बुडून मरतात. असा बुडालेला पक्षी त्याच समुद्रातला, तेच शिंपले खाल्लेला, त्याच हवेत वावरलेला; फरक एवढाच की त्याला मारायला गोळी लागलेली नसते. बंदुकीने मारलेल्या पक्ष्याच्या मांसाशी त्याच्या मांसाची तुलना केली की हवा, खाण आणि शिंपले हे तिन्ही घटक दोन्ही बाजूंना सारखे राहतात आणि उरतो तो केवळ छर्रा. 2000 ते 2002 या काळात गोळा केलेल्या नमुन्यांत बुडालेल्या आयडरच्या मांसात दर ग्रॅमला सरासरी 0.14 मायक्रोग्रॅम शिसे निघाले आणि मारलेल्या आयडरच्या मांसात 6.1 मायक्रोग्रॅम. म्हणजे 44 पट. (ही सरासरी गुणोत्तरी आहे, कारण नमुन्या-नमुन्यांत फार मोठी तफावत असते आणि एखाद-दुसऱ्या टोकाच्या नमुन्याने साधी सरासरी कोठच्या कोठे जाते.)

युरोपीय संघाने कोंबडी, गाय, मेंढी आणि डुक्कर यांच्या मांसासाठी शिशाची कमाल मर्यादा दर किलोला 0.1 मिलिग्रॅम अशी ठरवलेली आहे. आयडरचा आकडा त्याच एककात मांडला तर तो दर किलोला 6.1 मिलिग्रॅम होतो, म्हणजे मर्यादेच्या साठपटींहून अधिक. रानटी शिकारीच्या मांसाला मात्र ही मर्यादा लागू केलेली नाही. पाळीव कोंबडीच्या बाबतीत जे मांस कचऱ्यात गेले असते, ते केवळ बंदुकीने मारलेले आहे म्हणून कोणत्याही मर्यादेविना ताटात येते, ही विसंगती ग्रीनलंडपुरती नाही, युरोपभरची आहे.

दिसणारे छर्रे वेचून काढल्यावरही हे शिसे मांसात राहते कसे, हे समजण्यासाठी छऱ्याचा प्रवास पाहावा लागतो. शिसे मऊ असते. दोन-तीन मिलिमीटरचा छर्रा मोठ्या वेगाने पिसे, कातडी आणि स्नायू भेदत जातो, हाडावर आदळला तर चपटा होतो, आणि वाटेत त्याच्या पृष्ठभागावरून धुळीसारखे बारीक कण सुटत जातात. छर्रा आरपार निघून गेला तरी हे कण जखमेच्या वाटेवर आणि तिच्या आजूबाजूला राहतात. ब्रिटनमध्ये शिकारीच्या पक्ष्यांची क्ष-किरण तपासणी करून 2010 साली हेच दाखवले गेले : स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या साफसफाईत हे कण निघत नाहीत, कारण ते डोळ्यांना दिसतच नाहीत आणि सुरीलाही लागत नाहीत. आयडर गिलेमॉटपेक्षा जड आणि दाट पिसांचा असल्याने त्याला पाडायला जास्त मारा लागतो. गिलेमॉटच्या मांसात शिसे आयडरपेक्षा कमी आढळते, त्याचे मला पटणारे कारण हेच आहे.

हिशेब ताटाचा, मग रक्ताचा

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने त्या काळी शिशाचे आठवड्याला चालण्याजोगे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 25 मायक्रोग्रॅम असे धरले होते. सत्तर किलोच्या माणसाला ते 1,750 मायक्रोग्रॅम पडते. आयडरचे दोनशे ग्रॅम मांस खाल्ले तर 6.1 च्या हिशेबाने 1,220 मायक्रोग्रॅम शिसे ताटात येते. आठवड्यातल्या दुसऱ्याच जेवणाला मर्यादा ओलांडली जाते. पंधरा किलोच्या मुलाची आठवड्याची मर्यादा 375 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठेक ग्रॅम मांस, एका मुलाच्या वाटीत सहज मावेल इतके. 2010 साली ही मर्यादाच मागे घेण्यात आली, कारण आरोग्याला निश्चितपणे निर्धोक म्हणता येईल असे शिशाचे प्रमाण सांगता येत नाही, असे समितीचे मत झाले.

या गणितावर एक रास्त आक्षेप घेता येतो. ताटात आलेले सगळे शिसे शरीरात शोषले जात नाही. धातूचा मोठा कण आतड्यातून तसाच बाहेर पडतो. बारीक कण जठरातल्या आम्लात विरघळतात. शिवाय आंबट पदार्थात मांस मुरवले किंवा शिजवले तर शिसे मांसात जास्त उतरते, हे व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या पक्ष्यांवरच्या स्पॅनिश प्रयोगांत दिसले आहे. सुआसातमध्ये आंबटपणा नसतो. तेव्हा मांसाच्या तपासणीने धोक्याची शक्यता सिद्ध होते, धोका नव्हे. निर्णय रक्ताच्या तपासणीनेच व्हायचा होता.

ती तपासणी नूकमधल्या 50 प्रौढ पुरुषांवर झाली. तेथल्या आरोग्यसेवेतले डॉक्टर हेनिंग स्लोथ पेडरसन हे योहानसेन, आस्मुन्द आणि रिगेट यांच्याबरोबर तिच्यात होते, आणि निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकाने किती पक्षी खाल्ले याची नोंद ठेवली गेली आणि वर्षातल्या वेगवेगळ्या वेळी रक्त तपासले गेले. पक्षी खात नाही असे सांगणाऱ्यांच्या दर लिटर रक्तात सरासरी 15 मायक्रोग्रॅम शिसे होते. महिन्याला तीसहून अधिक पक्ष्यांइतके मांस खाणाऱ्यांच्या रक्तात ते 128 पर्यंत गेले होते. मधले गट मधल्या पायऱ्यांवर होते. ऐन हिवाळ्यात, जेव्हा पक्षी सर्वाधिक खाल्ले जातात तेव्हा, आकडे सर्वांत वर होते. आणि आयडर खाणाऱ्यांत शिसे गिलेमॉट खाणाऱ्यांपेक्षा अधिक होते, म्हणजे मांसाच्या तपासणीतला क्रम रक्तातही तसाच दिसला.

पक्षी न खाणाऱ्यांचा 15 हा आकडा मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. हवा, पाणी, तंबाखू, घरातली नळजोडणी आणि आयात केलेले अन्न या सर्वांतून मिळून नूकमधल्या माणसाच्या रक्तात येणारे शिसे ते एवढेच. म्हणजे जगाने पेट्रोलमधून शिसे काढण्याचा फायदा या गावाला पुरेपूर मिळाला होता, आणि पंधराच्या वरचे जे काही होते ते बहुतांशी गावाच्याच बंदुकीतून निघाले होते.

ऋतूप्रमाणे होणाऱ्या चढउतारालाही अर्थ आहे. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते, म्हणून खाणे थांबल्यावर उन्हाळ्यात आकडा उतरलेला दिसतो. पण उतरलेले सगळे शिसे शरीराबाहेर गेलेले नसते. त्याचा एक भाग हाडांत जाऊन बसतो आणि तेथे तो वर्षानुवर्षे राहतो. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात हाडातले कॅल्शियम वापरले जाते तेव्हा त्याच्याबरोबर पुन्हा रक्तात येतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2010 साली केलेल्या मूल्यमापनात मुलांच्या बुद्ध्यंकावरचा मोजता येण्याजोगा परिणाम दर लिटरला 12 मायक्रोग्रॅमच्या पातळीशी, मूत्रपिंडावरचा 15 च्या आणि रक्तदाबावरचा 36 च्या पातळीशी जोडला गेला आहे. या मोजपट्टीवर 128 कोठे बसतो, ते वेगळे सांगायला नको.

पाहणीची मर्यादा येथेच दिसते. ज्यांच्यावर परिणाम सर्वाधिक होणार ती लहान मुले आणि गरोदर स्त्रिया या पन्नासांत नव्हत्या. रस्सा मात्र एकाच पातेल्यातला होता. पुरुषांच्या आकड्यांवरून घरातल्या इतरांचा आकडा काढता येत नाही हे खरे, तरी मुलांमध्ये आतड्यातून शिसे प्रौढांपेक्षा बरेच जास्त शोषले जाते हे माहीत असताना तो आकडा कमी असेल असे समजून स्वस्थ बसणेही योग्य नव्हते.

उपाय कोणता

पारा आणि पीसीबीच्या प्रकरणांची सवय झालेल्या आरोग्य यंत्रणेला सर्वांत पहिला सुचणारा उपाय म्हणजे 'पक्षी कमी खा'. माझ्या मते या प्रकरणात तो उपाय जवळजवळ गैरलागू आहे. बुडालेल्या आयडरच्या मांसात 0.14 इतकेच शिसे होते, म्हणजे दोष पक्ष्यात नाही, समुद्रात नाही आणि खाणाऱ्यातही नाही. पाऱ्याने दूषित देवमासा कोणत्याही हत्याराने मारला तरी दूषितच राहतो. आयडर मात्र दुसऱ्या छऱ्याने मारला तर बऱ्याच अंशी स्वच्छ राहतो. चांगले, परवडणारे, स्थानिक अन्न सोडायला सांगण्यापूर्वी काडतूस बदलायला सांगणे हे अधिक न्याय्य आहे. जखमेभोवतीचे मांस कापून टाका हा दुसरा सल्ला. छऱ्यांचा मारा पक्ष्याच्या सगळ्या अंगावर पसरलेला असतो, त्यामुळे तो पाळायचा म्हटला तर हाती फारसे काही उरणार नाही.

काडतूस बदलणे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात शिकाऱ्याच्या अडचणी खऱ्या असतात आणि त्यांची टवाळी करून चालत नाही. पर्यायी छर्रे बहुतेक पोलादाचे असतात. शिशाची घनता पाण्याच्या 11 पटींहून अधिक असते, पोलादाची आठपटींहूनही थोडी कमी. त्यामुळे त्याच आकाराचा पोलादी छर्रा लवकर वेग गमावतो; मोठ्या आकाराचे छर्रे घ्यावे लागतात आणि पक्ष्याच्या अधिक जवळ जावे लागते. हलत्या बोटीतून, वाऱ्यात, झपाट्याने उडणाऱ्या थव्यावर नेम धरताना हा फरक जाणवतो. पोलाद कठीण असल्याने जुन्या बंदुकांच्या, विशेषतः तोंडाशी आवळलेल्या, नळीला इजा होण्याची भीती असते आणि जुनी बंदूक बदलायची तर खर्च आहे. बिस्मथचा छर्रा शिशाच्या जास्त जवळ जातो, पण महाग पडतो. जो माणूस हंगामात शेकडो काडतुसे उडवतो त्याला काडतुसामागचा थोडासाही फरक मोठा होतो. दुसरीकडे, ज्या देशांनी बदल केला तेथल्या शिकाऱ्यांनी काही हंगामांत अंतराचा नवा अंदाज बसवून घेतला, हेही तितकेच खरे आहे.

कायद्याची बाजू त्याहून चमत्कारिक होती. डेन्मार्कने आपल्या भूमीवर शिशाचे छर्रे टप्प्याटप्प्याने आणि 1996 पासून सरसकट बंद केले. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी अमेरिकेने ते 1991 साली देशभर बंद केले होते, नेदरलँड्सने सर्वच शिकारीसाठी 1993 मध्ये. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्याचा भाग असला तरी 1979 पासून तेथे अंतर्गत स्वशासन ('होम रूल') होते आणि शिकारीचे कायदे त्याने स्वतः करायचे होते, त्यामुळे कोपनहेगनचा नियम नूकला लागू झाला नाही. पाहणी झाली त्या काळात शिशाची काडतुसे तेथे कायदेशीर होती. स्वायत्ततेच्या विरोधात हा मुद्दा वापरला जाऊ नये. शिकार करणाऱ्या समाजाने स्वतःचे नियम स्वतः करावेत हेच योग्य. पण शिकारीवरचे वादविवाद तेथे प्रामुख्याने पक्ष्यांच्या संख्येभोवती फिरले. गिलेमॉटच्या वस्त्या, विशेषतः गावांजवळच्या, मोठ्या प्रमाणात ओस पडल्या होत्या आणि या शतकाच्या सुरुवातीला हंगाम आखडते घेणारे, आयडरच्या वसंतातल्या शिकारीला आळा घालणारे नियम आले. आयडरची संख्या त्यानंतर काही वर्षांतच लक्षणीय वाढली. त्या नियमांचा कडाक्याचा विरोधही झाला. किती पक्षी मारायचे या भांडणात कशाने मारायचे हा प्रश्न मागे पडला. खरे तर शिकाऱ्याला तो अधिक सोयीचा होता : त्याच्या ताटातला पक्षी काढून न घेता त्याच्या काडतुसातला धातू बदलणे एवढीच त्यात मागणी होती.

छर्रा बदलल्याचा पक्ष्यांनाही थोडा लाभ असतो, पण ग्रीनलंडमध्ये तो मुख्य मुद्दा नाही. अलास्कातल्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात चष्मेवाला आयडर उथळ तळ्यांच्या तळाशी पडलेले जुने छर्रे खडे समजून गिळतो आणि विषबाधेने मरतो, तेथे छर्रा हा पक्ष्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न होतो. ग्रीनलंडमध्ये शिकार बहुतांशी समुद्रावर होते, छर्रे खोल पाण्यात जातात. जखमी होऊन निसटलेल्या आणि अंगात छर्रे घेऊन जगणाऱ्या आयडरांची संख्या तेथे लहान नाही, हे क्ष-किरण तपासणीत दिसले आहे. पण धातू पोलादाचा केल्याने जखम टळत नाही.

नुनाविकमधला पडताळा

छर्रा बदलल्याने माणसाच्या रक्तातले शिसे खरोखरच उतरते का, याचा पडताळा डेव्हिस सामुद्रधुनीपलीकडे, कॅनडात मिळतो. क्युबेक प्रांताच्या उत्तरेकडील नुनाविकमधले इनुइटही पाणपक्ष्यांची शिकार करून खातात. तेथल्या नवजात बालकांच्या नाळेच्या रक्तातले शिसे दक्षिण क्युबेकमधल्या बालकांपेक्षा जास्त होतेच, शिवाय त्याची समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) घडण दक्षिणेतल्या बालकांच्या शिशाहून वेगळी आणि काडतुसांतल्या शिशाशी जुळणारी निघाली. शिशाच्या प्रत्येक खनिजसाठ्यात समस्थानिकांचे प्रमाण थोडे वेगळे असते, म्हणून हवेतून आलेले शिसे आणि काडतुसातले शिसे प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येते. नूकमध्ये बुडालेल्या पक्ष्याने जे काम केले, ते येथे समस्थानिकांनी केले. 1990च्या दशकाच्या अखेरीस आरोग्य खात्याने गावोगाव शिशाच्या छऱ्यांविरुद्ध मोहीम घेतली आणि 1999 मध्ये कॅनडाने बहुतेक स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत विषारी छऱ्यांना मनाई केली. त्यानंतर नाळेच्या रक्तातले शिसे घटले. प्रौढांच्या बाबतीत 1992 आणि 2004 या दोन आरोग्य पाहण्यांची तुलना केली तर सरासरी निम्म्याहून खाली आलेली दिसते. लोकांनी पक्षी खाणे सोडले नव्हते.

ही घट सगळी बंदीमुळेच झाली असे म्हणणे जरा जास्त होईल, कारण त्याच काळात पेट्रोल आणि डबाबंद अन्न यांतले शिसेही कमी होत होते. शिवाय कॅनडाची बंदी स्थलांतरित पक्ष्यांपुरती आहे. नुनाविकमध्ये हिवाळ्यात मोठ्या प्रमाणात खाल्ला जाणारा टार्मिगन, म्हणजे पायांवर पिसे असलेला पांढरा रानकोंबडा, स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात बसत नाही. त्याच्यासाठी शिशाची काडतुसे कायदेशीरच राहिली, आणि एकदा ती दुकानात राहिली की बंदूक बदकावर रोखताना कोणती भरायची, हे शिकाऱ्याच्या सद्भावनेवर सोपवले जाते. रेनडियरच्याच जातीच्या कॅरिबूच्या शिकारीत वापरली जाणारी शिशाची गोळीही मांसात कण सोडते. त्यामुळे 2004 नंतर रक्तात जे शिसे उरले, त्याचा माग काढताना तपास पाणपक्ष्यांवरून टार्मिगन आणि कॅरिबूकडे वळवावा लागतो.